सत्तरीतले नवे गाणे

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, शिकागोच्या वायव्येस, रॉकफर्ड नावाचे कारखान्यांचे शहर आहे. १९७० नंतरच्या दशकात तेथील चार तरुणांनी एक बँड काढला आणि त्याला नाव दिले ‘चीप ट्रिक’, म्हणजे हलक्या प्रतीची हातचलाखी! असल्या नावाची मंडळी फार दिवस टिकायची नाहीत, असे तेव्हा कोणीही म्हटले असते. पण ही मंडळी टिकली. एप्रिल २०२१ मध्ये त्यांचा ‘इन अनदर वर्ल्ड’ हा विसावा स्टुडिओ अल्बम निघाला, तेव्हा गायक रॉबिन झँडर ६८ वर्षांचे, बेस गिटार वाजवणारे टॉम पीटरसन सत्तर वर्षांचे, तर गिटारवादक आणि मुख्य गीतकार रिक नील्सन ७२ वर्षांचे होते.

त्यांच्या संगीताला ‘पॉवर पॉप’ म्हणतात. हा शब्द १९६७ मध्ये ‘द हू’ या इंग्लिश बँडच्या पीट टाउनशेंड यांनी वापरला. बीटल्सच्या गाण्यांसारखी चटकन ओठांवर बसणारी चाल, दोन-तीन गळ्यांचे एकत्र गायन आणि त्याखाली दणदणीत गिटार, असा हा प्रकार आहे. गाणे तीन-चार मिनिटांत आटोपते. विषय बहुधा तरुणपणाचे: प्रेम, रुसवेफुगवे, आईबापांविषयीची तक्रार. मग गाणाऱ्यांनाच नातवंडे होण्याचे वय आले, म्हणजे त्यांनी काय गावे?

या मंडळींची खरी कीर्ती झाली ती रंगमंचावर. एप्रिल १९७८ मध्ये तोक्योच्या बुदोकान सभागृहात त्यांचे कार्यक्रम झाले. १९६४ च्या ऑलिंपिकमधील ज्युदोसाठी बांधलेल्या या सभागृहात १९६६ मध्ये बीटल्सही गाऊन गेले होते. चीप ट्रिकच्या त्या कार्यक्रमांची तबकडी मुळात जपानपुरतीच काढायची होती. परंतु तिच्या प्रती अमेरिकेत येऊ लागल्या, मागणी वाढली आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये ती तेथेही प्रसिद्ध करावी लागली. एकट्या अमेरिकेत तिचा खप तीस लाखांवर गेला. पुढे १९८८ मध्ये ‘द फ्लेम’ हे त्यांचे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पण ते गाणे बाहेरच्या गीतकारांनी लिहिलेले होते.

जुन्या बँडची अडचण येथेच असते. लोक तिकीट काढतात ते आपली तरुणपणची गाणी ऐकण्यासाठी. नवे गाणे सुरू झाले की निम्मे प्रेक्षक चहापाण्याला उठतात. जुन्यावरच पोट भरत असताना नवे कशाला करायचे? तरी २०१६ ते २०२१ या काळात या मंडळींनी चार अल्बम काढले. त्यांपैकी ‘इन अनदर वर्ल्ड’चे नशीब तर विचित्रच. रंगमंचावर मोठ्या झालेल्या या बँडचा नवा अल्बम करोनामुळे सभागृहे बंद असताना बाजारात आला. आपल्या बेटावरही मार्च २०२१ मध्ये पुन्हा संचारबंदी लागली होती, हे वाचकांना आठवत असेलच.

अल्बममध्ये तेरा गाणी आहेत. निर्माता ज्युलियन रेमंड. ‘द समर लुक्स गुड ऑन यू’ या पहिल्याच गाण्यात जुना जोम दिसतो. ‘अनदर वर्ल्ड’ हे गाणे दोन वेळा येते, एकदा संथ आणि पुढे एकदा भरधाव. मला त्यातले संथ रूप अधिक भावले. पंचविशीत बुदोकानला गाणाऱ्या झँडर यांचा आवाज येथे वयाने थोडा जाड झाला आहे, पण सूर जागचा हललेला नाही. तेच गाणे पुढे वेगात येते, तेव्हा म्हाताऱ्यांनी तरुणपणाचे सोंग आणले आहे, असे वाटत नाही. दोन्ही वये त्यांचीच आहेत.

एक जागा मात्र बदललेली आहे. मूळ चौघांपैकी ड्रमवादक बन ई. कार्लोस २०१० पासून बँडबरोबर दौऱ्यावर नाहीत. प्रकरण न्यायालयात गेले आणि नंतर तडजोड झाली. त्यांच्या जागी नील्सन यांचा मुलगा डॅक्स वाजवतो. बापाच्या मंडळीत मुलगा ढोलकीला बसला की आपल्याला कौतुक वाटते, आणि डॅक्स वाजवतोही उत्तम. पण त्या जागी आधी बसणारा जुना सोबती हयात असेल, तर कौतुकाला एक बोचही असते. एप्रिल २०१६ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’च्या सन्मानाच्या रात्री कार्लोस पुन्हा या तिघांबरोबर वाजवायला बसले. पण त्याच महिन्यात निघालेल्या बँडच्या अल्बमवर ते नव्हते.

‘इन अनदर वर्ल्ड’चा शेवट जॉन लेनन यांच्या १९७१ मधील ‘गिमी सम ट्रूथ’ या गाण्याने होतो. ‘सेक्स पिस्टल्स’चे स्टीव्ह जोन्स येथे गिटारच्या साथीला आहेत. हे गाणे केवळ आदरापोटी घेतलेले नाही. ऑगस्ट १९८० मध्ये लेनन यांनी न्यूयॉर्कमध्ये आपल्या एका गाण्याच्या ध्वनिमुद्रणासाठी नील्सन आणि कार्लोस या दोघांना बोलावले होते. त्या वेळच्या अल्बममध्ये ते मुद्रण घेतले नाही, ते १९९८ मध्ये बाहेर आले. ८ डिसेंबर १९८० रोजी लेनन यांचा खून झाला. त्या खोलीत लेनन यांच्याबरोबर वाजवणाऱ्या दोघांपैकी एकच जण या नव्या ध्वनिमुद्रणात आहे. हे ठाऊक असले म्हणजे हे दणदणीत गाणेही जरा निराळे ऐकू येते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये या मंडळींनी आणखी एक अल्बम काढला. त्याचे नाव ‘ऑल वॉश्ड अप’, म्हणजे यांचे दिवस आता सरले! टीकाकार जे म्हणतील ते स्वतःच आधी म्हणून टाकायचे आणि पुन्हा कामाला लागायचे, हा रॉकफर्डचा खाक्या दिसतो.

घरातल्या तरुण मुलांना हा बँड ऐकवायचा असेल, तर आधी बुदोकानचा कार्यक्रम लावावा. मग ‘अनदर वर्ल्ड’ची दोन्ही रूपे लागोपाठ ऐकवावीत. मधे बेचाळीस-त्रेचाळीस वर्षे गेली आहेत, हे मात्र गाणी संपल्यावरच सांगावे.