इंजिन हवा का ‘घेते’?

दापोलीहून बुरोंडीकडे जाणारा रस्ता समुद्राकडे उतरत जातो. मागची आसने काढून मुक्कामासाठी सजवलेली एखादी जुनी मारुती व्हॅन या वाटेने आली आहे असे समजू. १९८४ साली बाजारात आलेल्या या गाडीला तीन सिलिंडरचे, ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि कार्ब्युरेटर होता. गाडी वेगात नीट धावते. उभी राहिली की मात्र थरथरते, बंद पडते. मेकॅनिक म्हणतो, “इंजिन हवा घेतंय.” म्हणजे काय?

गाडी उभी असताना कार्ब्युरेटरची थ्रॉटल झडप जवळजवळ मिटलेली असते. पिस्टन हवा ओढत राहतात, त्यामुळे झडपेपलीकडच्या नळीतील दाब साधारण ३० ते ४० किलोपास्कलपर्यंत उतरतो. बाहेर तो सुमारे १०० असतो. जुन्या रबरी नळीला चीर गेली किंवा गॅस्केट फाटले, की हा फरक बाहेरची हवा आत ढकलतो. कोकम सरबताच्या नळीला टाचणीने भोक पाडून पाहा. सरबताबरोबर हवाही येते.

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. चोरवाटेने आलेल्या हवेबरोबर पेट्रोल येत नाही. मिश्रण विरळ होते, ठिणगी पडूनही ते नीट पेटत नाही. मग रेस दिल्यावर दोष का लपतो? झडप उघडली की आतला दाब वाढतो, गळती घटते. शिवाय इंजिन इतकी हवा घेते की त्यात ती नगण्य ठरते. दोष वेगातही टिकला, तर आधी प्लग तपासावेत.

गळती शोधताना रबरी नळीचा तुकडा कानाशी धरून सांध्यांजवळ ‘सूं’ आवाज ऐकावा. मग एकेक नळी पकडीने हलकेच दाबावी. थरथर थांबली, तर दोष बहुधा त्याच वाटेवर असतो. पंखा आणि पट्ट्यापासून हात दूर ठेवावेत. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडून परीक्षा करू नये; आग लागते.

अनेक गाड्यांत ब्रेकला याच कमी दाबाची मदत मिळते. ती नळी फुटली तर ब्रेक लागतो, पण पायाला फार जोर द्यावा लागतो. म्हणून उतारापूर्वी एक परीक्षा करावी: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, नंतर दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर मदत मिळते आहे. न गेले, तर गाडी उतारावर नेऊ नये.

पेडल खाली का जाते, हे विद्यार्थ्यांनाच विचारून पाहा.