जालन्याची मोसंबी आणि तिचे नाव

इटलीत पार्मा, रेज्जो एमिलिया व लगतच्या ठरावीक मुलखात तयार झालेल्या, किमान १२ महिने मुरविलेल्या चीजलाच ‘पार्मिजानो रेज्जानो’ म्हणता येते. गुळाच्या ढेपेसारखी ती ढेप पारखली जाते. उतरली तर मुद्रा उमटते, न उतरली तर सालीवरील नाव खरवडून टाकतात.

आपल्या जालना मोसंबीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र तेवढ्याने बागाईतदाराचे काम होत नाही. १९९९ च्या कायद्यान्वये ते नाव स्वतःच्या मालावर लावण्यासाठी उत्पादकाने चेन्नई येथील नोंदणी कार्यालयात ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

अंबिया बहराची बाग उक्ती देऊन मोकळे होणाऱ्यास या नावाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. उक्त्या बागेतील फळ व्यापाऱ्याच्या ढिगात मिसळते आणि अंबड-घनसावंगीचे की परमुलखाचे, हे गिऱ्हाइकास कळत नाही. नावाचे मोल, फळ स्वतः तोडून, प्रतवारी करून पेटीत भरणाऱ्याच्याच पदरी पडू शकते. चार शेजाऱ्यांनी मिळून हे काम केल्यास एकट्यावर भार पडत नाही. अर्ज मात्र तोडणीच्या बऱ्याच आधी करावा.