हॅलो, कोणतं महाळुंगे?

वादळ समुद्रात उठतं, पण पत्रे आपल्याकडेही उडतात. अशा वेळी मदत कुणाकडे मागायची आणि फोनवर नेमकं काय सांगायचं, हे आधीच ठाऊक असलेलं बरं.

वारा सुटलाय. लाइट गेलीय. समोरच्या खोल्यांवरचा पत्रा उडून रस्त्यात पडलाय आणि कुणाला तरी लागलंय. तुम्ही फोन लावता. नशीब, लागतो. पलीकडून विचारतात, 'कुठून बोलताय?'

'महाळुंग्यातून.'

'कोणतं महाळुंगे?'

हसू नका. पुणे जिल्ह्यात हा प्रश्न अगदी रास्त आहे. एक महाळुंगे बालेवाडीच्या स्टेडियमला लागून आहे. ते पूर्वी मुळशी तालुक्यात होतं, आता पुणे महापालिकेत आलंय. दुसरं आंबेगाव तालुक्यातलं महाळुंगे पडवळ, हुतात्मा बाबू गेनू यांचं गाव. आणि तिसरं आपलं, खेड तालुक्यातलं महाळुंगे इंगळे, चाकण-तळेगाव रस्त्यावरचं, कंपन्यांच्या गराड्यातलं. गडबडीत नुसतं 'महाळुंगे' म्हटलं, तर मदत कुठल्या दिशेला निघेल, सांगता येत नाही. मॅपवर पिन टाकता येते हे खरं. पण नेट बंद पडल्यावर ती पिन कुठून पाठवणार?

म्हणून पाठ करून ठेवा: 'महाळुंगे इंगळे, तालुका खेड, चाकण एमआयडीसी.' पुढे वाडीचं नाव, आणि जवळच्या कंपनीचं गेट, शाळा किंवा देऊळ. एवढ्या एका वाक्यानं मोलाची मिनिटं वाचतात.

वादळ कोकणात, मग आपल्याला काय?

बरोबर आहे, आपल्याकडे समुद्र नाही. पण ३ जून २०२० आठवा. तुम्ही तेव्हा शाळेत असाल. लॉकडाऊन नुकताच सैल होत होता आणि 'निसर्ग' नावाचं तीव्र चक्रीवादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक. अलिबाग ते चाकण हवाई अंतर साधारण शंभर किलोमीटर. घाट चढून यायला आपल्याला तीन-चार तास लागतात. वादळाला ना ट्रॅफिक लागतं, ना टोल.

जमिनीवर आलं की वादळाचा जोर कमी होतो, कारण त्याला ताकद पुरवणारी समुद्राची उबदार वाफ तुटते. पण ते लगेच मरत नाही. निसर्ग वादळ रायगड ओलांडून पुणे जिल्ह्यात शिरलं आणि उत्तर महाराष्ट्राकडे सरकलं. मावळातली पॉलिहाऊस फाटली, ठिकठिकाणी झाडं आणि विजेचे खांब आडवे झाले. आपल्याच खेड तालुक्यात घराची भिंत कोसळून एका वृद्ध महिलेचा जीव गेला. हवेली तालुक्यात एका माणसाचा मृत्यू झाला तो उडणाऱ्या पत्र्यामुळे.

त्या वेळी रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांतून १३ हजारांहून अधिक लोकांना आधीच हलवण्यात आलं होतं. तिथं सगळ्यांना माहीत होतं की वादळ आपल्यावर येतंय. घाटाच्या अलीकडे मात्र टीव्हीवर अलिबागची दृश्यं बघत 'बाप रे, कोकणात काय हाल असतील' म्हणणारे आपण बरेच होतो.

शेवटचा इशारा आपल्यासाठी असतो

हवामान खातं चक्रीवादळाचे इशारे चार टप्प्यांत देतं. पहिला साधारण ७२ तास आधी, दुसरा ४८ तास, तिसरा २४ तास आणि चौथा किमान १२ तास आधी. पहिले तीन मुख्यतः किनाऱ्यासाठी. चौथा वेगळा आहे. वादळ किनारा ओलांडल्यावर कुठल्या दिशेनं जाईल आणि आतल्या जिल्ह्यांत काय होईल, हे त्यात सांगितलेलं असतं. म्हणजे तो आपल्यासारख्यांसाठी असतो, आणि नेमकं त्याच वेळी आपलं लक्ष समुद्राच्या लाटांच्या व्हिडिओंकडे असतं.

हा इशारा जिल्हाधिकाऱ्यांकडे येतो, तिथून तहसीलदारांकडे, आणि पुढे गावात तलाठी, ग्रामसेवक आणि पोलिस पाटलांकडे. (तलाठ्याला आता कागदोपत्री 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणतात आणि ग्रामसेवकाला 'ग्रामपंचायत अधिकारी'. गावात मात्र अजून जुनीच नावं चालतात.) तिथून तो तुमच्या खोलीपर्यंत कसा येणार? गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. आणि भाड्यानं राहणारे निम्मे लोक त्या ग्रुपवर नसतातच!

यावर सोपा उपाय आहे. 'सचेत' हे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं अॅप फोनवर घ्या. विजांसाठी 'दामिनी' घ्या, ते पुण्याच्याच आयआयटीएम या संस्थेनं केलंय. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकाच वेळी जोरात किंचाळले होते, आठवतंय? ती अशाच इशाऱ्याची चाचणी होती. उद्या खरा इशारा आला, तर 'हे काय मध्येच' म्हणून बंद करण्याआधी वाचा.

आपण नेमके कुणाचे?

आता खरी गंमत. महाळुंग्यात वादळानं काही झालं, तर जबाबदारी कुणाची?

पोलिस पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे. म्हणून अनेकांना वाटतं, आपण पिंपरी-चिंचवड महापालिकेत. पण तसं नाही. इथं ग्रामपंचायत आहे. गावचं पाणी, गटार, दिवाबत्ती तिच्याकडे. तालुका खेड, म्हणजे तहसीलदार राजगुरुनगरला. कंपन्यांच्या भागातले रस्ते एमआयडीसीचे. वीज महावितरणची. आग लागली तर बंब एमआयडीसीचा किंवा चाकण नगरपरिषदेचा. एक झाड पडलं, तर ते कुठल्या रस्त्यावर पडलंय यावर ठरणार की ते कुणाचं!

एरवी खड्ड्यासाठी हे टोलवाटोलवीचं खातं आपण सहन करतो. वादळात तेवढा वेळ नसतो. म्हणून हे नंबर आत्ताच फोनमध्ये टाका, आणि कागदावर लिहून दारामागेही चिकटवा:

११२ – पोलिस, आग, कुठलीही तातडीची मदत. नेमकं कुणाचं काम, हे शोधायची गरज नाही.
१०८ – ॲम्ब्युलन्स.
१०७७ – जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष.
१९१२ – महावितरण. तुटलेली तार, वाकलेला खांब, ठिणग्या.

आणि पाचवा नंबर तुम्ही स्वतः मिळवायचा: आपल्या भागातल्या वायरमनचा. वादळाच्या दिवशी गावातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस तोच असतो. त्याच्याशी ओळख मात्र वादळाआधी करून घ्या. लाइट गेल्यावर शंभर जणांनी एकदम फोन केला, तर तो खांबावर चढणार कधी?

अजून एक शेजारी आपल्याला ठाऊक हवा. संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीचं सुदुंबरे आपल्यापासून जवळच आहे. तिथं राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची पाचवी बटालियन असते. वाचून बरं वाटलं ना? पण थांबा. किनाऱ्यावर चक्रीवादळ येतं, तेव्हा या दलाच्या तुकड्या आधीच कोकणात गेलेल्या असतात. जायलाच हव्यात. निसर्गच्या वेळीही तसंच झालं. म्हणजे ज्या दिवशी आपल्याला त्यांची गरज लागेल, त्या दिवशी ते शेजारी नसण्याचीच शक्यता जास्त. पहिला तास आपल्यालाच निभवायचा असतो.

जीव जातो तो कशानं?

नुसत्या वाऱ्यानं माणूस सहसा मरत नाही. वाऱ्यानं पाडलेल्या आणि उडवलेल्या वस्तूंनी मरतो.

१७ एप्रिल २०२३ ला किवळ्यात महामार्गाच्या सेवा रस्त्यावर होर्डिंग कोसळलं. पाच जण गेले. वादळी पाऊस आला म्हणून ते आडोशाला थांबले होते. पुढच्या वर्षी, १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर महाकाय होर्डिंग पडलं आणि १७ जणांचा बळी गेला. या दोन्ही दिवशी चक्रीवादळ नव्हतं. साधा वळवाचा पाऊस आणि सोसाट्याचा वारा होता. तेव्हा हे सगळं कधीतरी येणाऱ्या वादळापुरतं आहे, असं समजू नका. दर एप्रिल-मे महिन्यात लागणारं आहे.

चाकण-तळेगाव रस्त्यावरून रोज बाइकवर जाताना एकदा मान वर करून बघा, कुठे कुठे होर्डिंग आहेत. पाऊस आला की त्यांच्याखाली, झाडाखाली किंवा पत्र्याच्या टपरीखाली थांबायचं नाही. पक्कं बांधकाम दिसेल तिथं आत शिरा, भिजलात तरी चालेल. उभ्या कंटेनरच्या आडोशालाही नको.

पत्रा उडायला लागला, तर धरायला वर जाऊ नका. आपल्याकडे खोल्यांवर पत्रे असतात आणि पत्र्यांवर दगड किंवा टायर. दगड घसरतो आणि खालच्याच्या डोक्यात बसतो. घरमालकाला आधीच सांगा, पत्रे हुकनं आणि नटबोल्टनं नीट आवळून घ्या म्हणावं. मे महिन्यात सांगितलं तर विनंती असते, जूनमध्ये सांगितलं तर भांडण होतं.

तार पडलेली दिसली, तर ती बंदच असेल असं धरून चालू नका. आजूबाजूची ओली जमीनही विजेनं भारलेली असू शकते. तुम्ही जवळ असाल, तर पाय एकमेकांना चिकटवून, न उचलता, सरकत सरकत लांब व्हा. मोठी पावलं टाकली, तर दोन पायांमधून शॉक बसू शकतो. मग लोकांना थांबवा आणि १९१२ लावा. काठीनं तार बाजूला करण्याची हिरोगिरी नको.

आणि लाइट गेली की पाण्याची मोटर बंद, नळ बंद. इशारा आला की फोन, पॉवर बँक आणि पाण्याचे पिंप भरून ठेवा. रात्रपाळीला कुणी जाणार असेल, तर कंपनीची बस येणार की नाही, हे निघण्याआधी विचारा. रस्त्यावर अडकण्यापेक्षा एक खाडा परवडतो.

वादळ गेल्यावर

वादळानंतर येतो तो शब्द म्हणजे पंचनामा. तलाठी, ग्रामसेवक आणि शेती असेल तर कृषी सहाय्यक येऊन नुकसान लिहून घेतात. जे कागदावर येतं, त्याचीच भरपाई मिळते. आवरायला सुरुवात करण्याआधी फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असे. आजी-आजोबांना पडलेली भिंत लगेच बाजूला करायची घाई असते. त्यांना दोन मिनिटं थांबवा.

भरपाई रखडली की काय होतं, ते आपल्या शेजारच्या तालुक्यांना विचारा. जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी शेतकऱ्यांच्या हिरड्याचं निसर्ग वादळात मोठं नुकसान झालं होतं. त्याच्या भरपाईसाठी त्यांना वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली. वादळ एका दिवसात गेलं, कागद मात्र कितीतरी काळ हलत नव्हता.

भाड्यानं राहणाऱ्यांनो, घराचा पंचनामा घरमालकाच्या नावानं होईल. तुमचं भिजलेलं धान्य आणि तुटलेली सायकल तुम्ही सांगितल्याशिवाय कुणी लिहिणार नाही.

शेजारच्या खोलीत विचारा

तुमच्या शेजारी ओडिशाचं कुणी राहत असेल, तर त्यांच्याशी बोला. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१९ मध्ये 'फनी' आलं तेव्हा दहा लाखांहून अधिक लोकांना आधीच हलवलं आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. मधल्या वीस वर्षांत त्यांनी निवारे बांधले, इशाऱ्याची यंत्रणा उभी केली आणि गावोगावी पोरापोरींना तयार केलं. म्हातारी कुठल्या घरात आहे आणि गरोदर बाई कुठल्या, हे त्या पोरांना माहीत असतं.

आपल्याकडेही 'आपदा मित्र' नावाची सरकारी योजना आहे. १८ ते ४० वयाच्या स्वयंसेवकांना त्यात प्रशिक्षण मिळतं. कॉलेजात एनएसएस किंवा एनसीसीत असाल, तर सरांकडे, मॅडमकडे चौकशी करा.

तेवढंही जमत नसेल, तर ग्रामसभेत जा. वर्षातून किमान चार होतात. तिथं फक्त तीन प्रश्न विचारा: वादळात पत्र्याच्या खोल्यांतल्या लोकांनी कुठल्या पक्क्या इमारतीत जायचं? तिची किल्ली कुणाकडे असते? आणि इशारा मराठी न येणाऱ्यांपर्यंत कोण पोहोचवणार?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणी देणार नाही. सगळे तुमच्याकडे बघतील, कारण दोन-तीन भाषा येणारे आणि गल्लीतल्या प्रत्येक खोलीत मित्र असलेले तुम्हीच आहात. तेव्हा मागे बघू नका. हात वर करा.

आणि आज घरी गेल्यावर आईला, आजोबांना, रूमपार्टनरला एकदा म्हणायला लावा: 'महाळुंगे इंगळे, तालुका खेड, चाकण एमआयडीसी.' दोनदा म्हटलं की पाठ होतं.