फटफटीचा फोटो

सोलापूरहून तुळजापूरला जाताना हिप्परग्याचा तलाव लागतो. तिथे आम्ही नव्या फटफटीचा फोटो काढला. भर दुपारची वेळ. फोटोत टाकी पांढरीफट्ट, आणि चाके, इंजिन सारे काळे!

असे का झाले? ऊन डोक्यावर असले की गाडीचा खालचा भाग सावलीत जातो. सकाळ-संध्याकाळ ऊन तिरपे येते. ते पार चाकापर्यंत पोचते. म्हणून दिवस उगवल्यावर तासाभरात जावे, नाहीतर मावळायच्या आधी. तलाव समोर आणि सूर्य पाठीमागे, जरा बाजूला, अशी वेळ धरावी. आपली सावली मात्र गाडीवर पडू देऊ नये.

उभ्याने काढलेल्या फोटोत गाडी बुटकी दिसते. उकिडवे बसावे. मोबाईल दिव्याच्या उंचीवर धरावा. गाडी अगदी मधोमध नको. तिच्या तोंडापुढे जागा मोकळी सोडावी. मागची बाभळ आरशातून उगवल्यासारखी दिसत नाही ना, तेही बघावे.

एक सांगायचे राहिलेच. त्या दिवशी मोबाईलमध्ये बघत बघत आम्ही मागे सरकलो, ते थेट डांबरी रस्त्यावर. ट्रक अगदी अंगाजवळून गेला. आता आम्ही गाडीच आधी रस्त्यापासून वीस पावले आत नेतो.