विंचचा रिमोट: अंगठा इथे, दोर तिथे

मंडळी, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने गाडीच्या विंचवर बोलायला उभं राहावं याचं काहींना हसू येईल. येऊ द्या. आम्ही या विषयाकडे आलो ते मावळातल्या एका भाताच्या खाचरातून. पण आधी वस्तू समजून घेऊ.

विंच म्हणजे जीपच्या पुढच्या बंपरवर बसवलेला, बॅटरीवर चालणारा रहाटच म्हणा. मोटर, गिअर, ड्रम आणि त्यावर पंचवीस-तीस मीटर दोर. गाडी चिखलात रुतली की समोरच्या दणकट झाडाला रुंद पट्टा गुंडाळायचा, त्यात हूक अडकवायचा आणि बटण दाबायचं. गाडी स्वतःच स्वतःला ओढून काढते. जीपवर बहुधा साडेनऊ हजार पौंडांचा, म्हणजे सुमारे ४,३०० किलोचा विंच दिसतो. ही ओढ ड्रमवर दोराचा एकच थर असतानाची. थर चढतात तशी ती घटत जाते. पूर्ण भारावर तो चारशे अँपिअरच्या आसपास वीज खातो. आपल्या घरातल्या गिझरचं सॉकेट सोळा अँपिअरचं असतं, त्यावरून अंदाज करा.

ताणलेल्या दोरात ही सगळी शक्ती साठलेली असते. पोलादी दोर तुटला तर चाबकासारखा मागे येतो. कृत्रिम धाग्याचा दोर हलका असल्याने कमी मारतो, पण हूक किंवा शॅकल सुटून उडालं तर तेही जीव घेऊ शकतं. म्हणून दोरावर जाड डँपर किंवा ओलं गोणपाट टाकतात, दोर कुणी ओलांडत नाही आणि बघ्यांना ताणलेल्या दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर उभं करतात. अडचण चालवणाऱ्याची होती. वायरचा रिमोट दहा-बारा फुटांचा; म्हणजे उभं राहायचं ते नेमकं धोक्याच्या पट्ट्यात, नाहीतर वायर खिडकीतून आत घेऊन गाडीत बसायचं. बिनतारी रिमोटने ही अडचण सोडवली. पन्नास-शंभर फुटांवरून, बाजूला उभं राहून काम होतं. सोय खरीच आहे, तिला नावं ठेवायला आम्ही आलेलो नाही.

आता खाचर. जुलैचा पाऊस, पुतण्याची जीप बांधावरून घसरलेली. "काका, तुम्ही तिकडे लांब थांबा, मी सांगेन तेव्हा दाबा," असं म्हणून त्याने रिमोट आमच्या हातात दिला. तासाभराने गाडी निघाली, सगळ्यांनी हुश्श केलं आणि दोर गुंडाळणं सुरू झालं. धोक्याचं काम संपलं असं आम्हा सगळ्यांना वाटलं. तो हातमोजे घालून दोर ड्रमवर सारखा लावत होता. आम्ही चाळीसेक फुटांवर छत्रीखाली, अंगठा बटणावर. त्याने हात वर केला. आम्हाला वाटलं, चालू द्या म्हणतोय. तो थांबा म्हणत होता. पावसात आवाज पोचला नाही. रोलरच्या चौकटीत हातमोजा गेला, हात त्याने उपसून काढला. आम्ही बटण सोडलं ते हातमोजा दिसेनासा झाल्यावर.

त्या रात्री झोप लागली नाही. फिलिपा फूट यांनी १९६७ साली मांडलेलं ट्रामचं उदाहरण आम्ही किती तुकड्यांना शिकवलं असेल. पुढे ज्युडिथ थॉमसन यांनी त्यात रुळांचा खटका हाताशी असलेला बघ्या आणला. खटका ओढावा की नाही, यावर मुलं तास न् तास भांडत. पण त्या उदाहरणातल्या बघ्याला सगळं स्वच्छ दिसतं: ट्राम, रूळ, रुळावरची माणसं. आमच्या चष्म्यावर पाणी होतं. काय करावं हा प्रश्न आमच्यापुढे आलाच नाही. काय चाललंय हेच कळलं नव्हतं.

जुना मोट हाकणारा नाड्यावर बसत असे. मोट भरलेली आहे की अडकली आहे हे त्याला अंगानेच कळे. वायरच्या रिमोटवाल्याला तेवढं नाही, तरी मोटर घुसमटल्याचा आवाज आणि ड्रमवर वेडावाकडा चढणारा दोर समजत असे. अंतर वाढलं की हेही गेलं. म्हणून आता आमच्याकडे एक नियम आहे: गुंडाळताना ज्याचा हात दोरावर, त्याच्याच दुसऱ्या हातात रिमोट. थोडं थोडं गुंडाळायचं, हूक बंपरजवळ आला की तो हुकाला बांधलेल्या पट्टीने धरायचा, बोटांनी नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ती आम्हाला फार उशिरा कळली. रिमोटचं बटण म्हणजे वीज तोडणारा खटका नव्हे, ती फक्त विनंती असते. ती रेडिओलहरींवरून, बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर, रिसीव्हरकडे जाते. रिसीव्हर काँटॅक्टरला सांगतो आणि चारशे अँपिअर जोडतो-तोडतो तो काँटॅक्टर. बटण सोडलं की किंवा लहर तुटली की विंच थांबावा, अशी रचना असते. पण बॅटरी उतरलेली असताना जोर लावला तर काँटॅक्टरचे संपर्कबिंदू तापून एकमेकांना चिकटू शकतात. मग तुम्ही अंगठा उचला, रिमोट फेकून द्या, ड्रम फिरतच राहतो. भाराखाली क्लच सोडता येत नाही. त्या वेळी कामाला येतो फक्त बॅटरी आणि विंच यांच्यामधला मोठा आयसोलेटर. तो पटकन हाताला लागेल अशा जागी हवा, आणि ओढताना इंजिन चालू हवं. काम नसताना तोच बंद ठेवला तर खिशातल्या किल्ल्यांनी बटण दाबलं गेलं तरी काही बिघडत नाही.

मागच्या रांगेतून विचारलंय, मग वायरचाच रिमोट बरा का? पुतण्या दोन्ही ठेवतो. बिनतारीचा सेल संपला तर वायरचा असावा म्हणून. ओढताना बिनतारी, बाजूला उभं राहून. गुंडाळताना मात्र तो आता कुणाच्याच हातात रिमोट देत नाही, आमच्या तर नाहीच.