नव्या घराला काच कोणती बसवाल?



'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपल्याला नवीन नाही. शिवारफेरी आटोपून चहाला बसलो की हल्ली एक प्रश्न हमखास येतो, "साहेब, स्लॅब पडला, आता खिडक्यांना काच कोणती बसवू?" शेतीच्या माणसाने काचेवर का बोलावे, असे कुणी म्हणेल. पण उसाच्या बिलातला किंवा कांद्याच्या पट्टीतला पैसा याच घरात जातो. तो कारणी लागावा आणि घरातल्या लेकराबाळांना इजा होऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

झरोक्यापासून तावदानापर्यंत

आपल्या जुन्या माळवदाच्या घरात उजेडाला एखादा झरोका असे, तेवढाच. गोव्यात काच महाग होती तेव्हा चपट्या शिंपल्यांचे पातळ तुकडे लाकडी चौकटीत बसवून खिडक्या करीत. जुन्या घरांत त्या आजही दिसतात. आपल्या मुलखात काचेचे कारखाने निघाले ते स्वदेशीच्या चळवळीतून. तळेगावचा पैसाफंड काच कारखाना १९०८ सालचा, तर कराडजवळच्या ओगलेवाडीचा ओगले यांचा कारखाना १९१६ सालचा. ओगल्यांचा प्रभाकर कंदील कितीतरी घरांत खुंटीला टांगलेला असे.

काच म्हणजे मुळात वाळू. चांगली पांढरी वाळू, सोडा आणि चुनखडी एकत्र करून सुमारे १५०० अंश सेल्सिअस उष्णतेला वितळवली की तिचा रस होतो. पूर्वीच्या तावदानातून पाहिले तर बाहेरचे झाड हलल्यासारखे वाकडे दिसे. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली नवी रीत जाहीर केली. वितळलेल्या कथलावर हा रस तरंगत पसरू द्यायचा. त्यामुळे काच दोन्ही बाजूंनी आपोआप सपाट होते. आज दुकानात मिळणारी साधी काच बहुधा याच रीतीची असते.

फुटते कशी, हे आधी पाहा

माझ्या ओळखीच्या एका घरी बैठकीच्या दाराला वरपासून खालपर्यंत साधी काच लावली होती. काच इतकी स्वच्छ, की दार लागलेले आहे हे धावत आलेल्या नातवाला कळलेच नाही. मनगटाला खोल जखम झाली आणि टाके पडले. पोर वाचले हे नशीब. साधी काच फुटली की तिचे सुरीसारखे लांब तुकडे होतात, हे लक्षात ठेवा.

म्हणून दार, जमिनीलगतची खिडकी, जिन्याचा कठडा आणि न्हाणीघरातील आडोसा या चार ठिकाणी साधी काच नको. तेथे दोन प्रकार चालतात.

पहिला प्रकार टफन काचेचा. साधी काच ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम थंड करतात. त्यामुळे तिचा पृष्ठभाग आवळला जातो आणि ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते. फुटलीच तर खडीसाखरेसारखे बोथट दाणे होतात. मोटारीच्या बाजूची काच फुटल्यावर रस्त्यावर असे दाणे पडलेले आपण पाहतो. मात्र ही काच नंतर कापता येत नाही की तिला भोक पाडता येत नाही. मापे आणि बिजागरीची भोके आधीच पक्की करून द्यावीत. तिची कड नाजूक असते, तेव्हा उतरवताना ती फरशीवर टेकवू नये, खाली गोणपाट टाकावे.

दुसरा प्रकार लॅमिनेटेड काचेचा. दोन काचांमध्ये चिवट पारदर्शक पापुद्रा घालून त्या एकजीव करतात. ही काच तडकली तरी तुकडे पापुद्र्याला चिकटून राहतात. मोटारीची पुढची काच अशीच असते. गच्चीचा कठडा किंवा डोक्यावरचे काचेचे छत करायचे असेल तर हीच घ्यावी.

दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका. सुरक्षित काचेसाठी आयएस २५५३ हे भारतीय मानक आहे. काचेच्या कोपऱ्यात न पुसणारा शिक्का आहे का ते पाहा आणि बिलावर काचेचा प्रकार व जाडी लिहून घ्या.

आडोसा आणि शोभा

न्हाणीघराला दुधी काच चांगली. वाळूचा जोरदार मारा करून किंवा आम्लाने तिचा पृष्ठभाग खरबरीत करतात. हे आम्ल फार घातक असते, घरी असले प्रयोग कुणी करू नयेत. खरबरीत बाजू ओली झाली की दुधीपणा कमी होतो आणि आतले दिसू लागते. म्हणून गुळगुळीत बाजू पाण्याकडे, म्हणजे आत ठेवावी. नक्षीच्या काचेवर ती गरम असतानाच रूळ फिरवून फुलापानांचा ठसा उठवतात. स्वयंपाकघरात तिचीही गुळगुळीत बाजू आत ठेवा, म्हणजे फोडणीचा तेलकट थर पुसायला सोपा जातो.

बाहेरून आरशासारखी दिसणारी काच लावण्याची हौस वाढली आहे. भगिनींनी एक ध्यानात ठेवावे. दिवसा बाहेर उजेड जास्त असतो म्हणून आतले दिसत नाही. रात्री दिवा लावला की उलटे होते आणि रस्त्यावरून घरातले सगळे दिसते. तेव्हा पडदा हवाच.

रंगीत काचेचा रंग वरून फासलेला नसतो. काचेच्या रसात धातूंची संयुगे मिसळतात. कोबाल्टने निळा, लोखंडाने हिरवट आणि मँगनीजने जांभळा रंग येतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या १८८८ साली पूर्ण झालेल्या इमारतीत आणि राजाबाई टॉवरमध्ये रंगीत काचांचे सुंदर काम आहे. अशा कामात काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडतात. मुंबईला गेलात तर गाडीच्या घाईतही क्षणभर मान वर करून पाहा. आपल्या घराला एवढे नको, पण दारावरच्या झडपेला दोन रंगीत तावदाने लावली तरी सकाळी ओसरीवर रंग सांडतात.

ऊन आणि उजेड

सूर्यचुलीचे झाकण काचेचे का असते? काच उन्हाला आत येऊ देते, पण तापलेल्या भांड्याची उष्णता सहजी बाहेर जाऊ देत नाही. पश्चिमेला मोठी काच लावली की घराचीही सूर्यचूल होते, मग पंखा गरम हवाच फिरवतो. मोठी खिडकी शक्यतो उत्तरेला ठेवा. पश्चिमेची लहान ठेवून तिला छज्जा द्या आणि बाहेर कडुनिंब लावा. ऊन काचेच्या बाहेरच अडवणे हे आत पडदा लावण्यापेक्षा केव्हाही चांगले.

कौलारू घरात चुलीपाशी अंधार असेल तर दोन-तीन काचेची कौले बसवा. खर्च थोडा, पण दिवसा दिवा लावावा लागत नाही आणि तांदळातला खडाही दिसतो.

बसवताना

काच चौकटीच्या खाचेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर लहान कापून घ्या. पावसाळ्यात लाकूड फुगले की घट्ट बसवलेली काच तडकते. ती कापायची ती हिरकणीनेच. लाकडी चौकटीला खडूची पूड आणि आपल्याच जवसाच्या तेलाची लांबी चांगली धरते. वजनही विसरू नका. तीन फूट रुंद, चार फूट उंच आणि ४ मिलिमीटर जाड काच सुमारे ११ किलो भरते. बिजागऱ्या त्या मानाने घ्या.

चुना किंवा सिमेंट काचेवर उडाले तर लगेच ओल्या फडक्याने पुसा. वाळल्यावर डाग कायमचे राहतात.

काच लागून जखम झालीच तर रुतलेला तुकडा उपटू नका. त्याच्या दोन्ही बाजूंना स्वच्छ कापड दाबून धरा आणि तसेच दवाखाना गाठा.

बियाणे घेताना आपण पिशवीवरची खूणचिठ्ठी वाचतो, तशीच काचेच्या कोपऱ्यातली खूण वाचा. खर्चाची ओढाताण असेल तर रंगीत आणि नक्षीची काच पुढच्या हंगामावर ढकला, पण दाराची काच सुरक्षितच घ्या.