आधी दिवस मोजा, मग भाडे

शिपिंग कंपनीचे वेळापत्रक सांगते, न्हावाशेवा ते रॉटरडॅम इतके दिवस. निर्यातीत नव्याने उतरणारा शेतकरी किंवा छोटा उद्योजक हाच आकडा धरून परदेशी ग्राहकाला तारीख देतो आणि तिथेच हिशेब चुकतो. हा आकडा फक्त पाण्यावरचा असतो. माल आपल्या दारातून निघून ग्राहकाच्या गोदामात पोहोचेपर्यंत लागणारे दिवस त्याहून बरेच जास्त असतात. जहाज की विमान, हे ठरवायचे ते या एकूण दिवसांवरून. नाशिकची द्राक्षे आणि कोकणचा हापूस यांचे प्रवास पाहिले की हे स्पष्ट होते.

द्राक्षे जहाजाने का जातात?

जानेवारी ते एप्रिल या हंगामात युरोपला जाणारी द्राक्षे मुख्यतः समुद्रमार्गेच जातात. ऊन चढण्याआधी खुडलेले घड पॅकहाऊसमध्ये येतात. तिथे निवड होऊन ते पेटीत भरले जातात आणि बुरशी रोखण्यासाठी गंधकाचा वायू हळूहळू सोडणारा कागद वर ठेवला जातो. मग प्रीकूलिंग. काही तासांत मालातली उष्णता काढून घ्यायची आणि पुढे शून्य ते एक अंशाच्या शीतगृहात ठेवायचे. ही पायरी घाईने उरकून चालत नाही. कारण रीफर म्हणजे शीत कंटेनरचे यंत्र थंड माल थंड ठेवण्यासाठी असते. उन्हातून आलेला माल ते वेळेत थंड करू शकत नाही.

त्यानंतर तपासणी, कीडरोगमुक्तीचा दाखला, कस्टमची कागदपत्रे आणि बंदरापर्यंतचा रस्ता. प्रत्येक जहाजासाठी कंटेनर बंदरात आणण्याची शेवटची वेळ ठरलेली असते. हा कट-ऑफ तासाभराने चुकला, तरी साप्ताहिक सेवेत अख्खा आठवडा जातो. वाटेत कोलंबो किंवा सलालाहसारख्या बंदरात जहाज बदलायचे असेल, तर तिथले थांबणे वेगळे. रॉटरडॅमला उतरल्यावर पुन्हा तपासणी, गोदाम, लहान डब्यांत भरणे आणि मग दुकान. नीट थंड राखलेली द्राक्षे साधारण दीड ते दोन महिने टिकतात, म्हणून हे सारे जमते.

पण ही जमवाजमव किती नाजूक आहे, हे नोव्हेंबर २०२३ नंतर कळले. तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांनी सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घातला. तीन-साडेतीन आठवड्यांच्या वाटेत १० ते १४ दिवसांची भर पडली. भाडे वाढले आणि रिकामे कंटेनर परतायलाही उशीर होऊ लागला. सगळ्यात मोठा घाटा वेगळाच होता. दुकानात मांडल्यावर विक्रीसाठी उरणारे दिवस जहाजावरच खर्च होऊ लागले.

हापूसचे गणित वेगळे

द्राक्षाचा उपाय आंब्याला लागू पडत नाही. सुमारे १२-१३ अंशांखाली आंब्याला थंडी बाधते. साल काळवंडते, फळ नीट पिकत नाही. त्यामुळे शून्य अंशावर ठेवून त्याचे आयुष्य वाढवता येत नाही. अमेरिकेने २००७ मध्ये भारतीय आंब्याला दार उघडले ते विकिरण प्रक्रियेच्या अटीवर. लासलगाव किंवा वाशीच्या केंद्रात ही प्रक्रिया होऊन पेट्या विमानात चढतात. किलोमागे भाडे समुद्राच्या कितीतरी पट पडते, तरी ते सोसावे लागते. हाच आंबा दुबईला मात्र जहाजानेही जातो, कारण ती वाट काही दिवसांचीच आहे. फळ एकच, पण बाजार बदलला की वाहनही बदलते.

टिकाऊ आणि थोडा माल असेल तर

हळद, मसाले, कापड, हस्तकला यांना घाई नसते. पूर्ण कंटेनर भरत नसेल तर इतरांच्या मालासोबत जागा मिळते. याला एलसीएल म्हणतात. इथे भाडे घनमीटर किंवा टन यांपैकी जे जास्त भरेल त्यावर लागते. मात्र सगळ्यांचा माल जमेपर्यंत थांबावे लागते आणि पलीकडे तो वेगळा करायलाही वेळ जातो. माल १३-१५ घनमीटरच्या पुढे गेला, तर २० फुटी पूर्ण कंटेनरचा दर जरूर विचारावा.

विमानात आणि कुरिअरमध्ये जागेलाही वजन असते. परदेशातल्या लेकरांना फराळ पाठवणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावे. ६० बाय ५० बाय ४० सेंटिमीटरच्या खोक्यात १२ किलो चिवडा आणि चकल्या असल्या, तरी कुरिअरच्या नेहमीच्या सूत्राने, म्हणजे घनफळाला ५००० ने भागून, वजन २४ किलो धरले जाते. आकारणी जास्त वजनावर होते. खोके जितके नेटके, तितकी बचत.

विम्याबाबतही एक गैरसमज दूर व्हायला हवा. सागरी मालविम्याच्या प्रचलित अटींत निव्वळ उशिरामुळे झालेले नुकसान भरून मिळत नाही. जहाज रेंगाळले आणि माल नासला, तर तोटा बहुधा मालकाच्याच माथी येतो.

म्हणून भाड्याचा दर विचारण्याआधी फॉरवर्डरला, म्हणजे मालवाहतुकीची व्यवस्था करणाऱ्या मध्यस्थाला, पुढचे प्रश्न विचारा. सेवा थेट आहे की वाटेत जहाज बदलते? कट-ऑफ कधी? पोहोचल्यावर कंटेनर बिनदंड किती दिवस ठेवता येईल? गेल्या काही फेऱ्या खरोखर किती दिवसांत पोहोचल्या? उत्तरे लेखी घ्या, त्यात उशिराचा एक आठवडा आपल्या बाजूने मिळवा आणि तेवढ्या दिवसांनंतरही माल विकण्याजोगा राहत असेल, तरच स्वस्त मार्ग धरा.